काकांनी दुरुस्त केलेले चार बॉल

मी लॉन बोल्स खेळायचे हे सांगितलं की इंदूरमधल्या माणसांचे चेहरे दोन प्रकारचे होतात. पहिल्या प्रकारची माणसं "बोलिंग, म्हणजे मॉलमधलं?" असं विचारतात आणि विजय नगरच्या मॉलमध्ये मुलाच्या बर्थडेला आपण बाटल्या कशा पाडल्या ते सांगू लागतात. दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त समजूतदार असतात. ती फोन काढून बघतात, पांढऱ्या टोप्या घातलेल्या गोऱ्या आज्या गवतावर वाकलेल्या दिसल्या की त्यांना मोठा उलगडा होतो. "अच्छा, रिटायरमेंटवाला गेम!" मी हसते. या खेळात मी भारताकडून बरीच वर्षं खेळले, त्या आज्यांशीही खेळले, आणि हरलेही. त्या आज्या ज्या वयात पहिल्यांदा चेंडू हातात घेतात त्याच्या निम्म्या वयात मी खेळ सोडला. त्यामुळे एवढ्यात आठवणी लिहायला बसणं हास्यास्पद आहे, हे मला कळतं. पण माझ्याबद्दल आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते, ती इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने सांगितली जाते, की खरी गोष्ट कुठेतरी कागदावर असलेली बरी.

खेळ सोपा आहे. हिरवळीवर एक छोटा पांढरा चेंडू गडगडत सोडायचा, त्याला जॅक म्हणतात. मग दोघींनी आळीपाळीने आपापले मोठे चेंडू, म्हणजे बोल, त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. गंमत इतकीच की बोल पूर्ण गोल नसतो. एका कुशीला तो किंचित कमी फुगलेला असतो आणि वेग ओसरू लागला की त्या कुशीकडे वळतो. सरळ तो कधीच जात नाही. जॅकवर नेम धरून टाकलात तर भलतीकडे जाऊन थांबेल. बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून टाकावा लागतो, म्हणजे तो आधी दूर जातो आणि शेवटी, मन बदलल्यासारखा, हवा तिथे येतो. मला हा खेळ आवडला तो एवढ्यासाठीच. शाळेत मी ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याकडे न बघता बोलायचे, आणि तेव्हा त्याला सगळ्या टीचर 'कॉन्फिडन्सची कमी' म्हणत. इथे तोच नियम होता.

आम्ही सराव करायचो तो एका मॅरेज गार्डनच्या लॉनवर. राज्याच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणजे त्या गार्डनचे मालक, आणि सचिव म्हणजे त्यांचे मेहुणे. हा खेळ कोणीच खेळत नसल्यामुळे त्यात पद मिळणं सोपं असतं, आणि पद मिळालं की ब्लेझर मिळतो, एवढा त्यांचा खेळाशी संबंध. सकाळी आम्ही पोचायचो तेव्हा रात्रीच्या लग्नाचा कचरा उचलला जात असायचा. गवतात टूथपिक, चुरगळलेले गुलाब, चाटच्या स्टॉलखाली सांडलेल्या तेलाचे पिवळे डाग. सगळ्यात वाईट म्हणजे मांडवाचे खुंटे उपटल्यावर राहिलेली भोकं. माझा बोल छान वळण घेत यायचा आणि जॅकच्या जवळ एखाद्या भोकात अडखळून तिथेच बसायचा. आमचे कोच यादव सर एका शाळेत पीटी शिकवायचे. ते कंबरेवर हात ठेवून म्हणायचे, "मान के चलो कि भोक नहीं है." कोपऱ्यात हलवाई पोह्यांची कढई चढवायचा, जिलबीच्या पाकाचा वास सगळ्या लॉनवर पसरायचा, आणि मालक मधूनच ओरडायचे, "मैडम, आज संगीत है, जल्दी लपेटो!" देशाच्या संघाची तयारी अशी चालली होती.

घरी आम्ही वरच्या मजल्यावर, काका-काकू खाली. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. सांवेर रोडवर त्यांचं इंजिनीअरिंगचं वर्कशॉप होतं, वस्तू फिरवून गोल तासणाऱ्या दोन लेथ, एक ड्रिल आणि मापांबद्दलचा एक अढळ विश्वास. ते हॉटेलात गेले तरी टेबल हलतं का ते आधी बघायचे आणि पायाखाली कागद घालून ते बसवूनच मेनू उघडायचे. शर्टच्या खिशात पेनऐवजी केसभर फरक मोजणारं व्हर्निअर. आमचे कोणी पूर्वज दरबारच्या फौजेत होते, आणि त्यांच्याकडून आमच्याकडे दोन गोष्टी आल्या: टोक मोडलेली एक तलवार आणि ती तलवार आपण स्वतः चालवलेली असावी असा बोलण्याचा सूर. सूर काकांकडे गेला. बाबांच्या वाट्याला 'हो दादा' हे दोन शब्द आले. आई भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची. तिथे ती शेकडो मुलांना गप्प करायची आणि घरी जिना चढताना स्वतः गप्प व्हायची.

माझ्या खेळाला काका 'कंचे' म्हणायचे. म्हणजे गोट्या. "काय मिनू बेटा, कंच्यांचा टूर्नामेंट कधी आहे?" असं ते आल्यागेल्यांसमोर विचारायचे आणि पाहुण्यांबरोबर स्वतः हसायचे. काकू आतून म्हणायची, "अहो, खेळू द्या ना, वैसे पण तिला बाहेर कोणाशी बोलता कुठे येतं." काकूला हे माझ्या बाजूने बोलणं वाटायचं.

संघटनेकडे बोलचा एक जुना संच होता, तो मोठ्या हाताच्या पुरुषांसाठी बनवलेला. माझी बोटं त्याला पुरायची नाहीत. म्हणून आईने तिच्या बहिणीला सांगितलं. मावशी ऑस्ट्रेलियात राहते. तिने तिथल्या क्लबमध्ये जाऊन, माझ्या हाताचं माप दाखवून, लहान आकाराचे चार बोल घेतले आणि येताना सामानात आणले. त्यासाठी तिने तिच्या बॅगेतून काय काय काढून ठेवलं याची यादी ती आजही ऐकवते. जांभळट रंगाचे, एका कुशीला बारीक वर्तुळ, दुसऱ्या कुशीला मोठं वर्तुळ, म्हणजे कुठल्या बाजूला वळणार ते कळावं. कडेने बोटांसाठी खाचा. आईने त्यांच्यासाठी माझ्या जुन्या दुपट्ट्याची पिशवी शिवली. आई मला कधी जवळ घेऊन काही म्हणाली नाही, पण ती पिशवी तिने दुहेरी शिलाईची केली होती.

त्या वर्षी भारताच्या संघाची निवड चाचणी दसऱ्यानंतर लगेच होती. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरात ठरलं होतं की हे शेवटचं. निवड झाली तर खेळ, नाही तर मार्चनंतर एमबीएची कोचिंग. आईनेच ठरवलं होतं, आणि 'फेअर इनफ' असं मी म्हटलंही होतं.

आता खंडेनवमीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे त्या दिवशी तलवारीबरोबर घरातली सगळी पोटापाण्याची हत्यारं चौरंगावर येतात. विळी, कात्री, शिलाई मशीन, बाबांचा कॅल्क्युलेटर, आईचे व्हाइटबोर्डचे मार्कर, काकांचं व्हर्निअर. आणि नियम असा की मोडकं किंवा खोट असलेलं हत्यार पूजेला ठेवायचं नाही. त्यामुळे आदल्या आठवड्यात काका घरभर फिरून प्रत्येक वस्तू तपासायचे. विळीला धार, मशीनला तेल, मिक्सरचं सैल झालेलं बटण. तलवारीचं टोक मोडलेलं असूनही ती कशी काय चालते, हे कोणी विचारायचं नाही. मी लहानपणी एकदा विचारलं होतं.

त्या वर्षी काकू म्हणाली की मिनूचे बॉलपण ठेवू, तीपण आता मोठी टूर्नामेंट खेळून राहिली आहे. मला बरं वाटलं होतं, हे मान्य करते. काका वर आले, दुपट्ट्याच्या पिशवीतून एक बोल काढला, आणि हॉलच्या फरशीवर सोडला. तो सोफ्यासमोरून गेला, वळला, आणि टीव्हीच्या स्टँडखाली शिरला. काकांनी दुसरा सोडला. तोही टीव्हीखाली.

"हे तर डिफेक्टिव्ह आहेत," काका म्हणाले.

"काका, ते तसेच असतात," मी म्हणाले.

"तसेच म्हणजे? बॉल आहे ना? बॉलने सरळ जायला पाहिजे." त्यांनी व्हर्निअर काढलं. एका कुशीला लावलं, दुसऱ्या कुशीला लावलं, आणि डॉक्टरने एक्सरे बघावा तसे बाबांकडे वळले. "बघ. दोन्ही बाजू सारख्या नाहीत. तुझ्या सालीला तिकडे मस्त टोपी घातली त्यांनी."

"हो दादा," बाबा म्हणाले.

"ते मुद्दाम असतं. बायस असतो त्याच्यात. तोच खेळ आहे," मी म्हणाले. इतकी वाक्यं मी काकांसमोर सलग कधी बोलले नव्हते.

"बायस-वायस काही नसतं बेटा. मेरी जिंदगी गयी लेथ पे. गोल म्हणजे गोल." आणि ते खाली गेले. बोल वरच राहिले, आणि मला वाटलं विषय संपला. आमच्या घरात विषय संपतो तेव्हा आवाज होत नाही. पण तो संपत नाही तेव्हाही आवाज होत नाही.

आदल्या संध्याकाळी काकू पूजेसाठी म्हणून पिशवी खाली घेऊन गेली होती. नवमीला सकाळी मी कॉलेजचं सबमिशन करून परत आले तेव्हा खाली पूजा मांडून झाली होती. झेंडूच्या माळा, धूप, पुरणाचा वास, शेजारच्या बिल्डिंगमध्ये गरब्याच्या साउंड सिस्टीमची 'हॅलो, हॅलो, टेस्टिंग'. चौरंगाच्या मधोमध तलवार आणि तिच्यासमोर चार चेंडू. चार चकचकीत, गुळगुळीत, पूर्ण गोल चेंडू. वर्तुळं गेली होती. खाचा गेल्या होत्या. जांभळा रंग तेवढा होता, तोही पॉलिशने जरा उजळलेला. प्रत्येकावर हळद-कुंकवाचा टिळा.

"सरप्राइज!" काका म्हणाले. "चारही एका मापाचे. केसाचा फरक नाही. रात्री स्वतः लेथला लावले, वर्कशॉपच्या पोराला हात लावू दिला नाही. आता खेळ तू. पाहू कोण हरवतं."

मी आईकडे बघितलं. आईला रसायनं कळतात, तिला हेही कळलं होतं, मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती माझ्याजवळ आली आणि खालच्यांना समजू नये म्हणून इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली, "नॉट टुडे. डोन्ट मेक अ सीन." काकू गॅसवरून ओरडली, "अगं नमस्कार कर ना, नैवेद्य थंड होऊन राहिला." बाबा म्हणाले, "दादाने किती मनापासून केलं आहे."

मनापासून. आमच्या घरात या शब्दाने कुठलाही डाग निघतो. माणसाने मनापासून केलं म्हटलं की त्याने काय केलं हे बघायचं काम उरत नाही. मी पुढे बरेच देश पाहिले, खूप मूर्ख माणसं पाहिली, पण मन न लावता मूर्खपणा करणारी माणसं त्यातल्या त्यात बरी वाटतात, कारण ती निदान आभार मागत नाहीत. मी नमस्कार केला. पुरणपोळी खाल्ली. पूजेत ठेवलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं, त्याला विश्रांती असते, म्हणून मला त्यांना हातही लावता आला नाही. दिवसभर येताजाता ते चौरंगावर दिसत होते आणि येणारा प्रत्येक शेजारी "वा, काय चमकतायत" म्हणत होता.

दसऱ्याला सकाळी मी पिशवी घेऊन गार्डनवर गेले. नवरात्रभर तिथे गरबा चालला होता. शेकडो पायांनी गोल गोल फिरून गवताचं पार टक्कल केलं होतं. मी उभी राहिले, नेहमीसारखं बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि बोल सोडला. सवय अशी वाईट असते, सगळं माहीत असून मी तो वळायची वाट पाहिली. तो वळला नाही. तो तसाच, काकांसारखा, ठामपणे सरळ जात राहिला आणि हलवाईच्या गॅस सिलिंडरवर जाऊन टण्णकन आदळला.

यादव सरांनी तो उचलून फिरवून पाहिला. "ये किसने किया?"

"घर में," मी म्हणाले.

सरांनी खाचांची जागा अंगठ्याने चाचपली. मग म्हणाले, "लेथ पे?" मी मान हलवली. "फिनिशिंग अच्छी है," ते म्हणाले आणि बोल मला परत दिला. त्या क्षणी मला त्यांचाही राग आला होता. आता वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात एवढं एकच वाक्य शुद्ध सत्य होतं.

नवीन संच येणं शक्य नव्हतं. सरांनी संघटनेचा जुना संच काढला, त्यावर गरब्याच्या स्टॉलवरच्या कोणीतरी कागदी प्लेट्सचा ढीग ठेवला होता. मोठे, जड, माझ्या हातात न मावणारे. बोटांनी धरता येत नव्हते म्हणून मी ते तळहातावर तोलून, जवळजवळ ओंजळीतून सोडायला शिकले. चाचणीपर्यंत मी सकाळ-संध्याकाळ तेच केलं. टक्कल पडलेल्या त्या लॉनवर बोल पूर्वीपेक्षा खूप पळायचे, आणि नंतर कळलं की चाचणीचं मैदान तसंच वेगवान होतं. गरबेवाल्यांचे आभार मानावेत असं मात्र मला कधी वाटलं नाही.

घरी मी काही सांगितलं नाही. निघताना काकांनी पिशवी उचलून बघितली. "वजनदार वाटतेय," ते म्हणाले. "हो," मी म्हणाले. त्यांचे चार बोल माझ्या कपाटात स्वेटरांच्या मागे होते.

चाचणी दुसऱ्या शहरात होती. माझ्यासमोर एक बाई होती, अनेक वर्षांची अनुभवी, मला बघून न बघितल्यासारखं करणारी. तिच्या किटबॅगला चाकं होती. माझा संच बघून ती तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "बच्ची तरबूज लेके आई है." सगळ्या हसल्या. अशा वेळी मला बोलता येत नाही, पण ऐकलेलं मी विसरत नाही. सामना शेवटच्या फेरीपर्यंत बरोबरीत गेला. त्या फेरीत तिचे दोन बोल जॅकच्या समोर भिंतीसारखे उभे होते आणि माझ्या हातात शेवटचा बोल होता. सरळ जायला वाट नव्हतीच. मी उजवीकडे, पार कडेला, जिथे कोणीच नव्हतं अशा जागी बघितलं आणि तो कलिंगड ओंजळीतून सोडला. तो इतका दूर गेला की तिने मान फिरवून बाटलीचं झाकण उघडलं. मग त्याचा वेग उतरला, तो कलला, तिच्या दोन्ही बोलच्या मागून आत आला आणि जॅकला टेकून थांबला. पंचांनी खडू काढून, जॅकला टेकलेल्या बोलवर करतात ती खूण केली. त्या बाईने पाणी प्यायलं नाही.

माझी निवड झाली. घरी फोन केला तर आईने आधी विचारलं, "कुठल्या बोलने?" मी म्हणाले, "संघटनेच्या." ती म्हणाली, "बरं." आम्ही दोघींनी या विषयावर केलेलं हे एकमेव संभाषण.

मी परत आले त्या आठवड्यात समाजाच्या हॉलमध्ये सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि गार्डनचे मालक ब्लेझरमध्ये. मला बोलायला सांगितलं, मी 'थँक यू' म्हणाले आणि बसले. मग काका उठले. त्यांनी माइक दोनदा ठोकला. "ऑस्ट्रेलियाने आपल्या मुलीला खोटा माल पाठवला होता," ते म्हणाले. "मी म्हटलं, फिकर नॉट बेटा, तेरा काका बैठा है. सांवेर रोडवर एका रात्रीत चारही सरळ केले. आणि आज बघा. इंडिया!" हॉलमध्ये एवढ्या टाळ्या मला पडल्या नव्हत्या. यादव सर मागच्या रांगेत बसले होते. ते समोशाकडे बघत होते. आई टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर मी खेळले ते दुसऱ्या बोलनी. स्पॉन्सरचे, नंतर स्वतःचे. जिंकलेही, थोडं. ते सगळं इथे नको. ते चार चेंडू मात्र काकांनी माझ्या कपाटातून मागून घेतले आणि खालच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवले, मखमलीवर, खाली पितळी पट्टीवर माझं नाव आणि 'इंडिया'. दर खंडेनवमीला ते चौरंगावर येतात. काका आता थकले आहेत, लेथ विकल्या, पण आदल्या दिवशी ते चारही बॉल स्वतः पुसतात.

गेल्या नवमीला पुण्याहून नवीन आलेलं एक जोडपं प्रसादाला आलं होतं. दोघंही विजय नगरच्या एका आयटी कंपनीत. आमच्या घरच्या बोलण्यातलं प्रत्येक हिंदी शब्द ऐकून ती बाई थोडीशी हसायची, आणि तेवढ्यावरून मी तिला ओळखून चुकले होते. काकांनी तिला चौरंगावरचे चार चेंडू दाखवले. "याच बॉलनी आमची मिनू इंडियाकडून खेळली."

"पण लॉन बोल्सचे बोल वळतात ना?" ती म्हणाली. "मी कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता."

आई प्रसादाच्या वाट्या लावत होती, तिचा हात थांबला. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने म्हटलं होतं, आणि ते माझ्याऐवजी एका परक्या, चोंबड्या बाईने म्हटलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. काकाही माझ्याकडे बघत होते.

"बाकीच्यांचे वळतात," काका म्हणाले. आवाज थोडा बारीक झाला होता. "हिचे मी सरळ केले होते. दाखव ना बेटा यांना. एकदा टाकून दाखव."

"पूजेतले आहेत, आज उचलायचे नसतात," काकू म्हणाली.

"एक चालतो," काका म्हणाले. स्वतःचा नियम त्यांनी पहिल्यांदाच मोडला.

मी चौरंगावरून एक चेंडू घेतला. हाताला कुंकू लागलं. मी हॉलच्या टोकाला गेले, वाकले आणि त्या बाईच्या पायांपासून जरा बाजूला, टीव्हीच्या स्टँडकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे तो सोडला. तो सोफ्यासमोरून गेला, टीपॉयच्या पायांमधून गेला, आणि फरशीच्या एकाच सांध्यावरून रेघ मारल्यासारखा जात दाराच्या उंबऱ्याला लागून थांबला.

"रत्तीभर हलला नाही!" काका म्हणाले. बाबा म्हणाले, "हो दादा." ती बाई म्हणाली, "वॉव."

मी चेंडू उचलला, पदराने पुसला आणि तलवारीसमोर जागेवर ठेवला. पूजेला बसवण्यासारखाच होता तो. एवढ्या वर्षांत तो कुठल्याही खेळात उतरला नव्हता, आणि त्यात केसाचीही खोट नव्हती.